मागून येणाऱ्याचें मडगार्ड

मृग निघाला कीं कोल्हापुरांतील घराघरांतून छत्र्या उघडून त्यांच्या काड्या तपासल्या जातात, गच्चीवरील पन्हाळी साफ होतात, आणि वाळवणाच्या दोऱ्या अंगणांतून ओटीवर येतात. आमच्या घरांत यंदा या ठराविक तयारींत एका नव्या वादाची भर पडली. वाद होता सायकलीच्या मडगार्डाचा. विषय क्षुल्लक आहे असें वाचकांस वाटेल. परंतु जेथें तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें एका माणसाच्या चाकाला लागलेला चिखल दुसऱ्याच्या अंगावर, आणि तिसऱ्याच्या धुण्यांत, गेल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या थोरल्या पुतण्यानें गेल्या दिवाळींत स्वतःच्या पगारांतून सायकल घेतली. आमच्या पिढीला सायकल म्हटली कीं काळा कुळकुळीत सांगाडा, दोन्ही चाकांवर पत्र्याचें भरभक्कम मडगार्ड, साखळीवर झांकण आणि मागें कॅरिअर, असें चित्र दिसतें. यांतील एकही वस्तु या नव्या सायकलीला नव्हती. ती शर्यतीच्या धर्तीची, रोड बाइक म्हणतात त्या जातीची. टायर अंगठ्याहून थोडे रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखें खालीं वळलेलें, आणि वजन घरच्या जुन्या सायकलीच्या निम्म्याहून कमी. आमच्या वडील बंधूंनीं, म्हणजे घरांतील सर्वांच्या अण्णांनीं, तिच्याभोंवतीं एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलें, "अरे, हिचें मडगार्ड कोठें आहे?"

"अण्णा, असल्या सायकलीला तें नसतेंच."

"मग पावसाळ्यांत काय करतात?"

"पावसाळ्यांत भिजतात," असें उत्तर देऊन चिरंजीव हंसले. अण्णा हंसले नाहींत.

अण्णांचा प्रश्न केवळ जुन्या वळणाचा म्हणून सोडून देण्याजोगा नव्हता. १८८८ सालीं डनलॉप यांनीं हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें, आणि त्याच सालीं आमच्या दक्षिणेस बेळगांवांत लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधु यांनीं सायकलींचें दुकान काढलें. पुढें मास्तर, कारकून, पोस्टमन यांच्या हातीं सायकल आली ती कामाचें साधन म्हणून. ज्याला धोतर नेसून दहा वाजतां कचेरींत हजर व्हावयाचें, त्याला मडगार्ड आणि साखळीचें झांकण ही चैन नव्हती. तीं नसतीं तर सायकलच निरुपयोगी ठरली असती. १९४९ मध्यें मद्रासेस टी. आय. सायकल्स, १९५१ मध्यें सोनपतला ॲटलास, १९५६ मध्यें लुधियान्यास हीरो, असे देशी कारखाने निघाले, आणि त्यांच्या रोजच्या वापराच्या सायकलींनींही हीच चाल पाळली. शर्यतीच्या सायकलीचें कूळ निराळें. तेथें पावशेर वजनाचाही हिशेब होतो, म्हणून मडगार्ड गेलें. शर्यतींत तें योग्यच आहे. परंतु आपण शर्यतीचें यंत्र घेऊन रविवारीं पन्हाळ्यास आणि सोमवारीं नोकरीवर जाऊं लागलों, तर शर्यतीची चाल रस्त्यावर आणण्यापूर्वीं दोन वेळां विचार करावा हें उघड आहे.

हा विचार आमच्या घरांत झाला नाहीं, आणि त्याचें फळ आषाढांतील एका रविवारीं मिळालें. त्या दिवशीं पुतण्या आणि त्याची धाकटी बहीण अशीं दोघें सकाळीं पन्हाळ्यास गेलीं. कोल्हापुराहून तो रस्ता सुमारें २० किलोमीटरांचा, आणि चढ सुमारें ४०० मीटरांचा. केर्लीपर्यंत दोहों बाजूंस उसाची काळी जमीन, आणि वाघबिळाच्या पुढें डोंगराची तांबडी माती. जातांना कांहीं झालें नाहीं, कारण चढावर वेग नसतो. परत येतांना सर थांबली होती, परंतु रस्ता ओला होता. वाहनांची वर्दळ असल्यामुळें दोघें एकामागून एक चाललीं. भाऊ पुढें, बहीण मागें. त्याच्या मागच्या चाकावरून उडालेल्या तांबड्या पाण्याची चिळकांडी तिच्या चष्म्यावर बसली. एक हात सोडून ती चष्मा पुसूं लागली, आणि तेवढ्यांत पुढचें चाक खड्ड्यांत गेलें. कोपर सोललें, चष्मा फुटला, आणि मागून येणाऱ्या टेंपोवाल्यानें वेळीं ब्रेक लावला म्हणून गोष्ट तेवढ्यावर निभावली.

भावाला हें कळलें तें बरेंच अंतर पुढें गेल्यावर. घरीं आल्यावर तो आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "काका, मी पुढें होतों. मला कांहीं दिसलेंच नाहीं."

या एका वाक्यांत मडगार्डाचें सगळें शास्त्र आलें आहे. मडगार्ड नसल्याचा त्रास पुढच्याला होतो तो पाठीवरच्या चिखलाच्या पट्ट्यापुरता, आणि तो पट्टा धुतला कीं जातो. खरा त्रास होतो तो मागच्याला, आणि पुढच्याच्या पाठीला डोळे नसल्यामुळें तो त्याला दिसत नाहीं. मागच्यानें अंतर ठेवून चालावें हें खरेंच, आणि आम्हीं मुलीला तसें बजावलेंही. परंतु आपल्या चाकाचें पाणी आवरण्याचें काम मागून येणाऱ्यावर सोंपविणें हें सभ्यपणाचें नव्हे. विलायतेंतील कांहीं सायकल-क्लबांत हिवाळ्यांतील फेरीला लांब मडगार्डावांचून कोणास बरोबर घेत नाहींत. त्यांतील तत्त्व हेंच.

आतां हें पाणी उडतें कसें तें पाहूं, म्हणजे निवड करतांना चूक होणार नाहीं. जमिनीवरून टायरला चिकटलेलें पाणी चाकाबरोबर मागच्या अंगानें वर चढतें आणि वाटेंत सुटत जातें. अगदीं खालीं सुटलेलें पाणी मागें आणि वर उसळतें. तेंच मागच्याच्या तोंडावर जातें. त्याहून वर सुटलेलें पाणी स्वाराच्या पाठीवर बसतें. पुढच्या चाकाचें पाणी पायांवर, पायडलांच्या धुरीवर आणि साखळीवर येतें. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बैठकीच्या दांड्याला अडकविण्याचें जें आंखूड पातें बाजारांत मिळतें, तें स्वाराची पाठ वांचवितें, पण मागच्याचे डोळे वांचवीत नाहीं. मागच्याला राखणारा भाग म्हणजे मडगार्डाचा खालचा तिसरा हिस्सा. मागचें मडगार्ड चाकाच्या आंसाहून खालीं उतरलेलें असावें आणि त्याच्या टोंकाला रबरी पट्टा, म्हणजे मडफ्लॅप, असावा. पुढच्या मडगार्डाचा पट्टा तर जमिनीपासून चार बोटें वर येईपर्यंत लांब असावा. पाय आणि साखळी तोच कोरडीं ठेवतो.

निवड करतांना दुकानांत जाण्यापूर्वीं घरींच तीन गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट जागेची. चाकांत नेहमींइतकी हवा भरून तीन ठिकाणीं पाहावें: पुढच्या चिमट्याच्या डोक्याखालीं, मागच्या ब्रेकखालीं, आणि पायडलांच्या धुरीमागें जेथें चाक सांगाड्याच्या सर्वांत जवळ येतें तेथें. टायर आणि वरचा भाग यांच्यामध्यें शिसपेन्सिल जेमतेम जात असेल तर पूर्ण मडगार्डाचा नाद सोडावा. करंगळी सहज फिरत असेल तर काम होण्याजोगें आहे. शर्यतीच्या जुन्या घडणीच्या सायकलींचे ब्रेक आंखूड हातांचे असतात, आणि त्यांच्याखालीं जागा मुळांतच थोडी. अशा वेळीं टायर थोडा अरुंद घालून जागा करतां येते, २८ मि.मी.चा होता तेथें २५ मि.मी.चा. तेंही न साधल्यास दोन तुकड्यांचें, पट्ट्यांनीं बांधावयाचें मडगार्ड घ्यावें. तें ब्रेकच्या अलीकडे थांबतें आणि पलीकडे पुन्हा सुरू होतें. मात्र त्याची शेपटी लांब आहे कीं नाहीं हें पाहून घ्यावें. नव्या डिस्क-ब्रेकच्या सायकलींत ब्रेक चाकाच्या मध्याशीं गेल्यामुळें बहुधा जागा अधिक असते.

दुसरी गोष्ट भोंकांची. छत्रीचें कापड जसें काड्यांवर ताणून बसतें, तसें मडगार्ड बारीक सळयांवर तोललेलें असतें. त्यांनाही काड्याच म्हणतात. या काड्या चाकाच्या आंसाजवळ सांगाड्याला पेंचांनीं आंवळाव्या लागतात, आणि त्यासाठीं तेथें आंटे पाडलेलीं भोंकें लागतात. कांहीं शर्यतीच्या सायकलींना तीं नसतात. तेव्हां सांगाडा पोलादी किंवा ॲल्युमिनियमचा असल्यास आंतून रबर लावलेली कडी नळीभोंवतीं बसवून काम भागतें. अशी कडी तयार न मिळाली तर उद्यमनगरांतील एखादा लेथवाला तासाभरांत करून देईल. सांगाडा किंवा चिमटा कार्बनचा असेल, तर त्याला भोंक पाडण्याचें किंवा धातूची कडी आंवळण्याचें धाडस कधींही करूं नये. कार्बन आंतल्या आंत तडकतो आणि बाहेरून दिसत नाहीं.

तिसरी गोष्ट मापाची. अण्णांनीं माळ्यावरून जुन्या सायकलीचें मडगार्ड काढून "हेंच बसवा कीं" म्हणून दिलें. तें बसलें नाहीं. कारण, जुन्या २८ इंची चाकाच्या धांवेवर जेथें टायर बसतो तेथील व्यास ६३५ मि.मी., आणि रोड बाइकच्या ७००-सी चाकाचा ६२२ मि.मी. दिसावयास फरक थोडा, पण कमानीची गोलाई जुळत नाहीं. टायरच्या कुशीवर '२८-६२२' असे आंकडे छापलेले असतात; पहिला आंकडा रुंदीचा, दुसरा व्यासाचा. ते कागदावर उतरवून दुकानांत न्यावे. मडगार्ड टायरपेक्षां निदान ८ ते १० मि.मी. रुंद हवें, तें टायरएवढेंच असेल तर पाणी दोन्ही कडांनीं निसटतें.

पदार्थाविषयीं म्हणावें तर पोलादी पत्रा मजबूत, पण जड, आणि आमच्या हवेंत गंजतो. ॲल्युमिनियम हलकें व देखणें, पण वाकलें तर पूर्ववत् होणें कठीण, आणि खडे आपटून आवाज फार. आंत धातूचा पातळ थर असलेलें प्लॅस्टिकचें मडगार्ड मिळतें तें हलकें, लवचिक आणि शांत. रोजच्या वापरास आम्हांस तेंच बरें वाटलें. दोन्ही चाकांच्या जोडीचें वजन अर्ध्या किलोच्या आसपास. पुतण्या आतां त्या वजनाची तक्रार करीत नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर आमची स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. पहिल्या खेपेस मडगार्ड आम्हींच बसविलें, आणि तें शोभेसाठीं टायरला अगदीं चिकटून बसविलें. मधली फट तीन-चार मि.मी.हून अधिक नव्हती. चित्रांत पहावें असें तें दिसत होतें. परीक्षा म्हणून पुतण्या नदीकडच्या रस्त्यानें निघाला. तेथें उसाच्या शेतांतून ट्रॅक्टर बाहेर पडतात आणि चाकांबरोबर काळ्या मातीचे गोळे डांबरावर आणून टाकतात. ती माती चिकट. फटींत शिरली ती बसूनच राहिली, थरावर थर चढले, आणि मैलभरांत पुढचें चाक फिरेनासें झालें. चढ असल्यामुळें वेग थोडा होता आणि मुलगा नुसता उतरला. उतारावर असता तर हँडलावरून पुढें फेंकला गेला असता. सायकल खांद्यावर घेऊन तो दारांत आला तेव्हां आम्ही कांहींच बोललों नाहीं. एका मुलीला मडगार्डाच्या अभावानें इजा झाली म्हणून जें बसविलें, त्यानेंच दुसऱ्याचा जीव धोक्यांत घातला असता. न बसविणें हा दोष खरा, पण निष्काळजीपणें बसविणें हा त्याहून मोठा.

दुसऱ्या खेपेस आम्हीं घाई केली नाहीं. सायकल ओटीवरील झोपाळ्याच्या कडीला टांगली, म्हणजे दोन्ही चाकें मोकळीं फिरतात. प्रथम चाक काढून मडगार्ड जागेवर धरलें, आणि चिमट्याच्या डोक्याशीं व मागच्या आडपट्टीशीं पेंच नुसता अडकविला, आंवळला नाहीं. मग चाक घालून काड्या लावल्या. टायर आणि मडगार्ड यांमधील फट सर्व वाटेनें सारखी १० मि.मी. राहील अशी काड्यांची लांबी धरली, आणि चाक फिरवून दोन्ही बाजूंनीं पाहिलें. चिखलाच्या प्रांतांत यापेक्षां फट कमी नसावी. सांगाड्यांत जागा असेल तर अधिक ठेवावी. सगळें सरळ आल्यावरच पेंच एकेक करून थोडथोडे आंवळले. एकच पेंच आधीं पुरा आंवळला कीं मडगार्ड एका बाजूस ओढलें जातें आणि पुढें सदैव खरखरत राहतें.

येथें चार बारीकसारीक गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. साखळीच्या बाजूचा पेंच आंतून बाहेर डोकावत असेल तर तो सर्वांत लहान दांतेरी चक्राला किंवा साखळीला घासतो. तेथें आंखूड पेंच घालावा. प्रत्येक पेंचाखालीं स्प्रिंगचें वायसर द्यावें, आणि तेंही न मिळाल्यास आंट्यांवर नखरंगाचा एक थेंब सोडावा, म्हणजे हादऱ्यांनीं तो सहसा ढिला होत नाहीं. काड्यांचीं जादा टोंकें फेरी मारून खात्री झाल्यावरच कापावीं, कानशीनें घासावीं आणि त्यांवर रबरी टोपणें घालावीं. उघडें टोंक पोटरी फाडतें. आणि हँडल पुरतें वळवून, पायडल पुढें घेऊन, बुटाचें टोंक मडगार्डाला लागतें काय हें पाहावें. थोडें लागत असल्यास भर वेगांत त्रास नाहीं, पण सावकाश वळतांना सावध राहावें.

पांचवी गोष्ट मात्र बारीक नव्हे. पुढच्या चाकांत एखादी काटकी शिरली तर ती आऱ्यांबरोबर फिरून काडीवर अडकते, मडगार्ड चुरगळून चाकाखालीं ओढलें जातें आणि चाक जागच्या जागीं थांबतें. अशा वेळीं स्वार डोक्यावर पडतो. हें टाळण्यासाठीं पुढच्या काड्यांच्या बुडाशीं प्लॅस्टिकची एक चिमटी बसवितात. ठराविक जोर येतांच ती सुटते आणि मडगार्ड मोकळें होतें. चांगल्या जोडीबरोबर ती येतेच. ती किरकोळ समजून टाकून देऊं नये, आणि तिच्या जागीं तार गुंडाळून "पक्कें काम" तर मुळींच करूं नये. येथें सुटणें हाच पक्केपणा आहे.

एवढें करूनही चिखलाची मर्यादा ओळखावी. शहरांत वर्षाला सुमारें १००० मि.मी. पाऊस पडतो, आणि पश्चिमेस ५५ किलोमीटरांवरील गगनबावड्यास त्याच्या कित्येक पट. त्या बाजूस निघालेल्यानें परत आल्यावर बादलीभर पाणी मडगार्डाच्या आंतून सोडावें, सुकल्यावर पेंच पाहावे, आणि साखळी पुसून तेलाचा हात द्यावा. रस्त्यावरची वाळू आणि तेल यांचा कालवलेला लगदा साखळीला कानशीसारखा झिजवितो. लांब पट्ट्यानें तोही बराचसा टळतो, म्हणजे मडगार्डाची किंमत साखळीच्या आयुष्यांत थोडीफार वसूल होते. आणि गंगावेशीच्या बाजूस, जेथें म्हशींची धार समोर काढून दूध पिण्याची चाल आहे, तेथील रस्त्यावरून पावसांत ज्यानें मडगार्डावांचून सायकल हांकली असेल, त्याला अंगावर काय काय उडतें हें आम्हीं सांगावयास नको.

असो. पुतणीचें कोपर भरून आलें आणि नवा चष्माही झाला. श्रावणांत एका रविवारीं सकाळीं दोघें पुन्हा पन्हाळ्यास निघालीं. निघण्यापूर्वीं पुतण्या ओटीवर बसून कांहीं कापीत होता. पाहतों तों जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा. मागच्या मडगार्डाच्या टोंकाला दोन पेंचांनीं तो जोडून त्यानें बहिणीला म्हटलें, "तूं माझ्या मागें उभी राहून बघ, चाकाचा कितीसा भाग दिसतो?"

ती वाकून म्हणाली, "अजून दोन बोटें दिसतो."

त्यानें पट्टा सोडविला आणि दोन बोटें खालीं घेऊन पुन्हा जोडला. अण्णा झोपाळ्यावर बसून हें पाहत होते. ते कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं पाय उचलून झोपाळा थोडा हलूं दिला, एवढेंच.

दुपारीं दोघें परत आलीं तीं पावसानें ओलींचिंब होतीं. पण मुलीच्या चष्म्यावर होतें तें निव्वळ आभाळांतलें पाणी.